त्याच्या दाताची चकाकी

खुर्चीत बसताच त्याने तोंड उघडलं ते भांडायलाच.

“या पुढच्या दाताला धक्का लावायचा नाही, डॉक्टर. ही कॅप मी स्वतः घडवलीय!”

तो शेजारच्या लॅबमध्ये सिरॅमिकचे दात घडवायचा. स्वतःच्या तुटक्या दातावरची कॅपही त्याचीच करणी. आणि काय केली होती! किंचित पिवळसर, कडेला निळसर झाक... मी जरा जास्तच वेळ पाहत राहिले असेन.

“दातच बघताय ना?”

“दातच,” मी म्हटलं. कान मात्र तापले.

दात सरळ करायला तारा बसवायच्या तर त्या दातावरही तार धरणारी छोटी ब्रॅकेट चिकटवायला हवी. सिरॅमिक पडलं गुळगुळीत. आम्लाने चकाकी उतरवून खरखरीत केल्याशिवाय ब्रॅकेट धरत नाही.

“चकाकी तेवढी राहू द्या ना...” तो म्हणाला. आणि ‘माझी ब्रॅकेट कधी पडत नाही’ म्हणून दवाखानाभर मिरवणारी मी चक्क विरघळले! आम्ल न लावताच चिकटवली.

आठवड्याने तो ब्रॅकेट हातात घेऊन हजर. दवाखाना माझ्या आत्याचा. भाचीचं कौतुक येईल त्याला ऐकवणारी तीच.

“पडली?” तिने चष्म्यावरून पाहिलं.

“माझीच चूक,” तो घाईने म्हणाला. “कडक काहीतरी चावलं.”

शुद्ध थाप! आणि तीही माझी लाज राखायला? मला ते मुळीच खपलं नाही.

“चावलं-बिवलं काही नाही, आत्या. मी चकाकी उतरवली नाही. चूक माझी.”

“अगं, पण का नाही उतरवलीस?”

मी ट्रेमधली अवजारं सारखी करू लागले. तो हातातली ब्रॅकेट निरखू लागला. आत्याने एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खाकरत आत निघून गेली.

“खोटं का बोललात?”

“तुमची मान खाली गेलेली बघवली नसती.”

“माझी मान मी सांभाळीन!”

“मग माझा दात मी सांभाळीन.” तो खुर्चीत मागे रेलला. “उतरवा चकाकी. बिघडली तर दुसरी कॅप करीन.”

“गरज पडणार नाही. ब्रॅकेट काढतानाही कॅपला तडा जाऊ देणार नाही मी. आणि पॉलिश करून चकाकी स्वतः परत आणीन.”

हिरडीला आम्ल लागू नये म्हणून रबर लावलं, ओठ बाजूला धरले, आम्लाचा ठिपका कॅपवर टेकवला. आता त्याला बोलता येत नव्हतं. अशी संधी पुन्हा कुठे मिळणार?

“तुम्ही मला आवडता,” मी म्हटलं. “हलू नका—आम्ल लागलंय.”

तो हलला नाही. डोळे मात्र असे हसले की माझेच हात क्षणभर थांबले. मग सावरले, आणि ब्रॅकेट अशी बसवली की आत्याने खुशाल येऊन ओढून पाहावी.