खार

सिविल लाइंसमधल्या चहाच्या टपरीवर वीस बाजूंचा एक फासा घरंगळत संपदाच्या चपलेपाशी आला, आणि त्याच्यामागून गौरांग. "दीदी, जरा पाय उचलता का?" त्या 'दीदी'चा राग तिला आठवडाभर पुरला. पुढच्या रविवारी मात्र ती त्याच्या माडीवरच्या खेळात जाऊन बसली.

खेळ गप्पांचा. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, नशीब फाशावर सोडायचं. खेळ चालवायचा गौरांग. खेळातल्या नदीवरचा नावाडीही तोच. नियम त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत वहीत लिहिले होते. रूप बदललेल्याला ओळखायचं, तर फाशावर पंधराच्या वर आकडा हवा. पण ज्याचा त्याच्यावर जीव आहे, त्याला फासा लागत नाही.

हा नियम त्यानं मोठ्यानं वाचला तो नेमका शर्मिला आली त्याच दिवशी. तेव्हापासून शर्मिला दर रविवारी लांडगी होऊन काय गोड गुरगुरायची, आणि हा हसून बेजार. संपदाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आज रूपं ओळखायचा डाव होता; तो शर्मिलाला फाशाशिवाय ओळखणार, आणि आपण टाळ्या वाजवणार...

पाच जणांनी आपापलं रूप चिठ्ठीवर लिहिलं. त्यांच्यातला श्रीरंग एकेक वाचू लागला; कोणाची ते नावाड्यानं ओळखायचं.

"घार."

गौरांगनं फासा टाकला. चार.

"मलाच नाही ओळखलं, भैया?" शर्मिला रुसली. संपदानं हसू दाबलं. पण पुढची चिठ्ठी तिची होती.

"खार."

"खार?" गौरांग गोंधळला. "खार तर लोक एकमेकांवर खाऊन राहतात ना? हे कोणतं जनावर?"

"गिलहरी बे," श्रीरंग म्हणाला. सगळे हसले. संपदाचे कान लाल झाले.

गौरांगनं फासा उचलला... तिच्याकडे पाहिलं... आणि फासा खिशात टाकला.

"संपदा."

"फासा टाका ना, भैया," शर्मिला म्हणाली. "नियम आहे."

"नियमच पाळून राहिलो."



खेळ संपल्यावर जिना उतरताना संपदानं विचारलंच, "कान पाहून ओळखलंस ना?"

"कान तर मी टपरीपासून पाहून राहिलो," तो म्हणाला. "तो नियम त्याच रात्री लिहिला. वहीत तारीख आहे... अच्छा, मग तू दोन्ही अर्थानं खार होतीस?"

"दोन्ही," ती म्हणाली. "आणि पुन्हा दीदी म्हटलंस, तर चावेन."