स्पर्शवय

सांगलीतल्या इतर पालकांप्रमाणे वृंदा लाटकरही मुलीच्या मोबाइलकडे ढुंकून पाहत नसे. ती गरजच आता उरली नव्हती. सोळाच्या आतल्या मुलांना अनोळखी माणसाचा निरोप येत नसे, जाहिरात दिसत नसे, आणि त्यांनी काय काय पाहिलं याची खूणही कुठे मागे राहत नसे. त्यासाठी ना जन्मदाखला लागे, ना चेहऱ्याचा फोटो. मुलांची कागदपत्रं चोरून विकण्याचे प्रकार इतके वाढले होते, की ती मागण्यावरच कायद्याने बंदी आली होती. त्याऐवजी आलं होतं स्पर्शवय. बोट पडद्यावर टेकण्याआधी किती थबकतं, चुकलं तर कसं माघारी येतं, यावरून मोबाइलच ठरवायचा की हातात धरणारं मूल आहे की मोठं माणूस.

म्हणून बारा वर्षांच्या शर्वाणीने जेवताना विचारलं, "आई, हा नितीन कोण गं? सारखं 'एकटीच आहेस का' विचारतो," तेव्हा वृंदाचा घास हातातच राहिला.

तिने मोबाइल ओढून घेतला. एक नितीन नव्हता, असे कितीतरी होते. मध्येमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या जाहिराती, आणि 'पतीने सोडलेल्या स्त्रियांसाठी समुपदेशन'. वर कोपऱ्यात छोटी हिरवी खूण होती: प्रौढ.

"कुणाकडून शिकलीस हे? कुणाचं बोट लावलंस?"

"कुणाचंच नाही. आपोआपच झालं," शर्वाणी म्हणाली. मग आईचा चेहरा पाहून हळूच पुढे म्हणाली, "तू नको ना टेन्शन घेऊस. मी एकालाही उत्तर दिलं नाहीये."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून वृंदा मुलीला घेऊन कोल्हापूरच्या स्पर्शवय केंद्रात गेली. यंत्र बिघडलंय, याबद्दल तिला शंका नव्हती. डॉ. नसीमा मुजावर यांनी शर्वाणीला एका पडद्यावर खेळायला बसवलं आणि काचेपलीकडून आकडे पाहिले. मग त्या वृंदाला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या.

"यंत्र ठीक आहे, ताई. मूल आधी हात लावतं आणि मग बघतं काय झालं ते. मोठं माणूस आधी परिणामाचा अंदाज घेतं. तो क्षणभराचा विराम आम्ही मोजतो. त्याची नक्कल करता येत नाही. तुमच्या मुलीचा विराम तिशीतल्या बाईचा आहे."

"पण ती बारा वर्षांची आहे!"

"शरीराने. हा विराम नुसत्या वर्षांनी वाढत नाही." डॉक्टर जरा घुटमळल्या. "घरात तिला कुणाचं मन सांभाळून वागावं लागतं का?"

दोन वर्षांपूर्वी नवरा घर सोडून बडोद्याला राहायला गेला, हे वृंदाने माहेरी सांगितलं नव्हतं, ऑफिसात सांगितलं नव्हतं. पोळ्या लाटताना सगळं सांगायची ती एकाच माणसाला. ते माणूस ओट्यावर बसून ऐकायचं, तिचे डोळे पुसायचं, आणि अभ्यासाला जायचं. त्या जाहिराती कुणी कुणासाठी शोधलेल्या गोष्टींवरून आल्या, ते आत्ता तिच्या ध्यानात आलं. तिने ते सगळं डॉक्टरांना सांगून टाकलं.

"तुम्ही हाताने लिहा ना, ही लहान आहे म्हणून," ती कशीबशी म्हणाली.

"कुठे लिहू? तिचं नावसुद्धा आमच्याकडे नाही. मुलांबद्दल कुणालाच काही कळू नये, अशीच ही रचना केलीय आम्ही." डॉक्टरांचा आवाज उतरला. "एकच करता येईल. तिच्यावरचा भार काढा. या वयात विराम कधीकधी पुन्हा आखूड होतो."

वृंदाने मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि तोंडालाही लावलं. स्वयंपाकघरात ती आता गाणी लावायची, हसायची. नवऱ्याचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायची आणि तोंड धुऊन परत यायची. शर्वाणीला तिने पोहायला घातलं, मैत्रिणींना घरी जेवायला बोलावलं. आपण हे नीट निभावतोय असं तिला वाटत होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघी पुन्हा केंद्रात गेल्या. डॉ. मुजावर बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिल्या.

"कमी झाला ना?" वृंदाने विचारलं.

"वाढलाय. चाळिशीपलीकडे गेलाय." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही सांगणं बंद केलंत का तिला?"

"अजिबात काही सांगत नाही!"

"मग तुमच्या मनातलं ती ओळखत बसत असेल. आधी तिला नुसतं ऐकावं लागायचं."

वृंदा धडपडत बाहेर आली. शर्वाणी बाकावर बसली होती. आईकडे नजर जाताच ती उठली. काही म्हणायला तिने तोंड उघडलं, पण ती थांबली. आईचे डोळे, ओठ, पदराशी चाळा करणारी बोटं, सगळं तिने एकदा नजरेखालून घातलं. तो विराम वृंदाला आता यंत्राशिवायही दिसत होता.

मग शर्वाणी हसली, अगदी लहान मुलीसारखी, आणि तिने विचारलं, "आई, किती आकडा आला असता तर तुला चाललं असतं?"