एका रेषेतली म्हैस

चित्र १. ‘आखाडा’. डिजिटल पेन, काळा पडदा.

काळ्यावर पांढरी एकच रेषा, पेन न उचलता ओढलेली. ऊर्मिला सरनोबत यांची हीच ओळख. कोल्हापुरातल्या त्यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तासभर अवकाश होता.

प्रत्येक पडद्याखाली एक नवं बटण होतं. ते दाबलं की चित्र विझे आणि मूळ रेषा हलत हलत उमटे, म्हणजे पेनाने टिपलेली हाताची खरी हालचाल, दुरुस्तीविना. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना हात दिसला पाहिजे, असा ऊर्मिलाबाईंचा हट्ट होता. त्यांच्या पेनाची प्रणाली लिहिणारा धाकटा भाऊ धैर्यशील नको म्हणत होता. त्यांनी त्याला न सांगताच बटणं बसवून घेतली.

चित्र ९. ‘तालीम’. सहा वर्षांपूर्वीचं.

“रुक्साना, इतक्या लवकर? फुकटचा चहा तासाभरानं आहे.”

डॉ. रुक्साना मुजावर, मेंदूविकारतज्ज्ञ आणि शाळेपासूनची मैत्रीण, हसली नाही. तिने बटण पुन्हा दाबलं.

“ऊर्मे, बघ की. सेकंदाला चार-पाच वेळा थरथरतेय रेषा. आणि पुढे पुढे बारीक होतेय.”

“वय झालं.”

“वय नाही. कंपवाताची सुरुवात अशी असते. तुझ्या लक्षात कसं आलं नाही?”

“मी हाताकडे कुठे बघते? मी रेषेकडे बघते.”

चित्र ९ च्या समोरच. दहा मिनिटांनी.

धैर्यशील आला. बटण बघून जागीच थांबला.

“ताई, पेनाच्या प्रणालीत रेषासावर असते. चित्रात उमटण्याआधीच थरथर गाळते. सगळ्या पेनांत असते थोडीफार.”

“गाळायची तर आधी मोजावी लागत असेल,” रुक्साना म्हणाली.

“लागते.”

“म्हणजे सहा वर्षं मोजतोयस.”

“दर महिन्याला आकडा यायचा. मी सावर वाढवत गेलो.” तो बहिणीकडे न बघता म्हणाला, “तुला सांगितलं असतं तर तू पेन खाली ठेवलं असतंस.”

“मी औषध घेतलं असतं, धैर्या.”

चित्र २४. ‘म्हैस’. यंदाचं. फलकांवर छापलेलं. समीक्षकांच्या मते सर्वोत्तम.

ऊर्मिलाबाईंनी स्वतः बटण दाबलं. शिंगं गेली, पाठ गेली. काळ्या पडद्याच्या मधोमध तांदळाएवढी गुंतवळ थरथरत राहिली.

“बाकीची म्हैस कुणाची?”

“तुझीच. तुझ्या जुन्या रेषांवरून. हात कुठे निघालाय याचा रेषासावर अंदाज बांधते. अंदाजात न बसणारं ते सगळं थरथर समजते.”

“हे माझं नाही. पेन दे.”

“ताई, लोक येतील आता.”

“नाव तरी माझ्या हातानं खोडते.”

चित्र पुन्हा लावलं. खालच्या कोपऱ्यातल्या सहीवर त्यांनी पेन टेकवलं आणि उरलेला सगळा जोर लावून आडवी रेघ ओढली. मग दुसरी.

पडदा क्षणभर थांबला. मग जुन्या सहीवर तंतोतंत तशीच सही उमटली, आणि तिच्यावर आणखी एक. ऊर्मिला सरनोबत. डौलदार, न थरथरता. आता ती तिप्पट ठळक दिसत होती.

“त्या कोपऱ्यात,” धैर्यशील हळूच म्हणाला, “तू कधी दुसरं काही काढलंच नाहीस.”