छातीतलं पाणी

बंदरावर पडेल ते काम करणाऱ्या विठूचं प्रेत मिरकरवाड्याच्या जेटीखाली सापडलं, तेव्हा त्याच्या अंगाला डिझेल आणि साबणाचा वास येत होता. त्याच सकाळी बाबू खलाशी डिझेल सांडलेली बोट साबणाने धूत होता. आदल्या दिवशी दोघांचं जाळ्यावरून कडाक्याचं भांडण झालेलं. पोलिसांना एवढं पुरलं.

“ह्यांनी नाय केलं ओ, ताई,” बाबूची बायको गंगा खाजगी तपासनीस ज्ञानेश्वरी शिरधनकरला म्हणाली. “आज सकाळीच पकडलं, उद्या कोर्टात नेतील.”

ज्ञानेश्वरीचा मदतनीस सर्वेश मान डोलावत होता. मनात मात्र म्हणत होता, केलंच असणार.

दवाखान्यात डॉक्टरांनी विठूच्या छातीतून काढलेल्या पाण्याची बाटली दाखवली. तीन दिवस झाले तरी पाणी दुधासारखं पांढरं. सर्वेशने नजर फिरवली. ज्ञानेश्वरी बाटली निरखत राहिली.

कोठडीत बाबूने सांगितलं, की साबण सगळं बंदर वापरतं तोच, आणि बोट धुवायची ती समुद्राच्याच पाण्याने. गोडं पाणी विकत आणून कोण ओतणार? तिथून दोघं जेटीलगतच्या बर्फ कारखान्यात गेली, तिथे मालक रावजींनी चहा पाजला. विठू मेला त्या दिवशी इकडे फिरकलाच नाही, म्हणाले. ते स्वतःच वैतागलेले. त्याच सुमारास जनरेटरचं डिझेल बर्फाच्या गोड्या पाण्याच्या टाकीत झिरपलं होतं, टाकी साबणाने घासून घ्यावी लागली होती.

मग दोघं कॉलेजात वेदिकाकडे गेली. बंदरातलं तेल साफ कसं होईल हे शोधायला वेदिका तेल, पाणी आणि साबण यांचं मिश्रण संगणकावर चालवून बघायची. पडद्यावर तेलाचे बारीक ठिपके सुटे सुटे तरंगत होते. पांढरं दूधच. मग ज्ञानेश्वरीने तिला समुद्राएवढं मीठ घालायला सांगितलं. बघता बघता ठिपके एकमेकांना चिकटले, तेल वर आलं, खाली पाणी.

“म्हणजे काय झालं?” सर्वेशने विचारलं. त्याची ट्यूब अजून पेटायची होती.

संध्याकाळी ठाण्यात ज्ञानेश्वरीने रावजींसमोर दोन ग्लास ठेवले. दोन्हींत डिझेल आणि तोच साबण. समुद्राच्या पाण्यातलं मिश्रण नासक्या दुधासारखं फाटून तेल वर आलं होतं, गोड्या पाण्यातलं पांढरंच राहिलं होतं.

“साहेब, कॉलेजातल्या संगणकावर विश्वास नसेल तर हे बघा,” ती इन्स्पेक्टरना म्हणाली. “विठू समुद्रात बुडाला असता, तर बाटलीतलं पाणी पहिल्याच दिवशी असं फाटलं असतं. तो गोड्या पाण्यात बुडाला. डिझेल, साबण आणि गोडं पाणी एकत्र होतं ते एकाच ठिकाणी. रावजी, तुमच्या टाकीत.”

रावजींनी पांढरा ग्लास दूर सारला. “मीच उतरवला त्याला घासायला. वाफेने गरगरला, तळाच्या पाण्यात पडला. रात्री मीच जेटीखाली सोडून आलो.”

“हाक मारली त्याने?”

“दोनदा.”

“मग?”

“तीन ट्रॉलर बर्फासाठी थांबलेले. म्हटलं, येईल वर.”

इन्स्पेक्टरांचं पेन थांबलं. सर्वेशला वर बघवेना.

बाबू सुटला. गंगा ठाण्याच्या दाराशीच उभी होती.

“विठूला नेला?” त्याने विचारलं.

“परवाच.”

“खांद्याला कोण होतं?”

“कोणीच नाय, गाडीतून नेला,” गंगा म्हणाली. बाबू घराकडे वळला नाही, सरळ स्मशानाच्या रस्त्याला लागला.