संत्र्याच्या साली

बादलीला दोघांनी एकदमच हात घातला, एकदमच सोडला, आणि संत्र्याच्या साली फरशीवर पसरल्या.

"या कोणाच्या?" त्याने विचारलं.

"पडेपर्यंत माझ्या होत्या," ज्यूसवाली म्हणाली. "आता तुम्हीच उचला."

तो बाजारामागच्या टाकीवरचा गॅसवाला. सडकी फळं, भाजीचे देठ दळून टाकीत सोडायचे आणि निघालेला गॅस बाजाराच्या कँटीनला द्यायचा, हे त्याचं काम. एकदा त्याने तिला टाकीला कान लावायला सांगितलं. आत बुडबुडत होतं. आपण फेकून दिलेलं आत जगतंय, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

त्यानंतर तिची बादली रोज काठोकाठ भरू लागली. "गिऱ्हाईक तेवढंच, साली मात्र दुप्पट," तिची आत्या दुकानाच्या गल्ल्यावरून म्हणायची.

...आणि एका सकाळी कँटीनची शेगडी पेटेना. टाकी आंबली होती, गॅस निघणं थांबलं होतं. महिनाअखेर ज्योत दिसली नाही तर बाजार समिती टाकी हलवणार होती. म्हणजे तोही जाणार.

"माझ्या सालींनी झालं?" तिने विचारलं.

"हो. इतक्या साली टाकीला सोसत नाहीत."

"मग घेत का होतात?"

"बादली भरलेली असली की... तुम्ही जरा जास्त बोलायचात."

"आणि तुम्ही थांबावं म्हणून मी शेजारच्या दुकानांतून साली मागून आणत होते."

दोघं हसले. दोघांनी मिळून टाकीचं वाटोळं केलं होतं.

त्याने चुना कालवला, शेण घातलं. साली बंद. ती मात्र रिकाम्या हातांनी रोज यायची आणि टाकीला कान लावायची. आत शांत... शांत... आणि मग एक बुडबुडा. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

महिनाअखेरीस, कँटीनबाहेर भर उन्हात, समितीच्या अध्यक्षांसमोर त्याने शेगडीला काडी लावली. काहीच दिसेना. अध्यक्ष वळले. तिने शेगडीवर हात धरला, दचकून मागे घेतला, आणि ताट आडवं धरून सावली केली.

सावलीत निळी ज्योत थरथरत होती. धूर नाही, वास नाही. कुजलेल्या पाल्याचा एवढा सुंदर रंग! तिला श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही.

"चहा टाका मग," अध्यक्ष म्हणाले आणि बाकावर टेकले.

तिने त्याचा हात कधी धरला, तिलाही कळलं नाही.

"साली नसल्या तरी थांबशील?" तिने हळूच विचारलं. 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं.

"थांबेन. पण हात सोडलास तर चहा ठेवतो."

"एका हाताने ठेव," ती म्हणाली.