ब्रेकची हवा

आमची गाडी दोनच माणसांची. कापडी टप मागे पाडला की डोक्यावर नुसतं आभाळ. भंगारात जाता जाता मी आणि वन्संनी मिळून ती घेतली. घरचे म्हणाले, म्हातारचळ. म्हणेनात का!

दुरुस्तीही आम्हीच करायचो. ब्रेकची हवा काढायला मात्र दोघी लागतात. वन्संचं अंग जड, म्हणून त्या सीटवर. मी काटकुळी, म्हणून गाडीखाली.

"दाबा वन्सं."

"दाबलं."

त्यांनी पेडल दाबलं की मी चाकामागचा बोल्ट सैल करायची. नळीतून ऑइल यायचं, बुडबुडे यायचे. बोल्ट घट्ट केला की, "सोडा."

"सोडलं. वहिनी, जिवंत आहेस ना गं?"

मग वन्संना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात सगळे म्हणाले, आता कुठली गाडी नि काय! मी "हो ना" म्हटलं. जरा घाईनेच म्हटलं. ती रिकामी सीट बघवत नव्हती मला. म्हणून वन्संना न विचारता गिऱ्हाईक ठरवलं. दातांचे डॉक्टर होते. एवढे ब्रेक नीट करून द्या, म्हणाले.

सकाळी एकटीच गाडीखाली शिरले. पेडलला काठी टेकवली होती, ती घसरली. वैतागून तोंडातून गेलं, "दाबा!"

वर सीटची स्प्रिंग करकरली. नळीतून ऑइल आलं. बुडबुड्यांसकट.

बाहेर येऊन बघितलं. सीटवर कुणी नाही.

शहाण्या बाईने तिथेच हात धुतले असते. मी पुन्हा खाली गेले. काम होत होतं ना! "दाबा." "सोडा." चारही चाकं झाली. जिची गाडी चोरून विकायला काढली, तिच्याकडूनच काम करून घेतलं. मान वर करून सीटकडे बघायची काही छाती झाली नाही.

डॉक्टर आले. दार उघडून असे वाकले, वाटलं आता गाडीला "आ करा" म्हणतात. मग चक्कर मारायला निघाले. समोरच्या चढावर गाडी थांबली ती थांबलीच. मागचे लाल दिवे लागलेले. डॉक्टर उतरून पायी खाली आले.

"आजी, ब्रेक सुटतच नाहीये. पाय काढला तरी!"

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातली सिस्टर.

"आजी, पेढे आणा! तुमच्या नणंदेचा उजवा पाय हलला. सकाळपासून नुसतं दाबायचं, सोडायचं चाललंय. आता मात्र पलंगाच्या कठड्याला असा रोवलाय, दोघींनी ओढला तरी निघत नाही."

मी चढावरच्या लाल दिव्यांकडे बघितलं.

"त्यांना सांगा, वहिनी गाडी विकत नाहीये."

"कसली गाडी?"

"सांगा हो तुम्ही!"

पलीकडे सिस्टरचं काही पुटपुटणं ऐकू आलं.

"सोडला हं पाय."

चढावरचे लाल दिवे विझले.

गाडी मागे येऊ लागली. रिकामी.

"आजी, बाजूला व्हा!" डॉक्टर ओरडले.

फोनवर सिस्टर हसत होती. "अगंबाई, आता हातही उचलला! काहीतरी गोल फिरवतायत बघा."

फाटकापाशी चाकं वळली. माझ्याकडे.

मी हलले नाही. कुठल्या तोंडाने हलणार?