मरियेच्या बाळाचा गाल

"माझ्या चित्राचं कुणीतरी वाटोळं केलं!" अपेक्षा दारातच म्हणाली.

जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटचा जिना गुप्तहेर पूनम भराभर चढली होती. तिचा साथीदार मल्हार नेहमीप्रमाणे मागून धापा टाकत आला.

जुन्या इटालियन चित्राची ही तैलरंगातली नक्कल, मांडीवर येशूबाळ घेतलेली मरिया, उद्या चर्चमध्ये लागायची होती. आणि बाळाच्या कानाजवळ, गालावर रुपयाएवढा काळा डाग.

"ईरप्पांचंच काम! काल मी बोलले त्यांना. चावीही आहे त्यांच्याकडे. आजपासून त्यांना दार बंद."

पाट्या रंगवणारा ईरप्पा तिचा मदतनीस. तो हादरलाच. "चिडलो व्हतो, ताई. पण लेकराच्या तोंडाला काळं फासीन व्हय?"

पूनमने शेजारचं छापील मूळ चित्र पाहिलं. त्यातलं बाळ गंभीर होतं. इथलं हसत होतं.

"हसू काल रात्री काढलं," अपेक्षा म्हणाली. "आमच्या बाळाचं आहे. तापानं गेला तो. कुणाला दाखवलं नाही, चित्र भिंतीकडे वळवून ठेवलं. सकाळी तसंच होतं."

पूनमने डागाला बोट लावून हुंगलं. कापराचा वास आला.

बाहेर अपेक्षाचे सासरे महादेवप्पा, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, पेपर वाचत होते. "मला चित्रातलं काय कळतंय? त्या खोलीत मी पाऊल टाकत न्हाय. पण एवढ्या हसऱ्या लेकराला काळं लावायचं म्हंजे…"

"आणि सासूबाई?"

"बसव्वा चार दिवस अक्कलकोटला हाय, बहिणीकडं."

पूनमने सगळ्यांना चित्रापुढे बोलावलं.

"हा रंग नाही, देवघरातल्या कापराचं काजळ आहे. चित्र नासवणारा सगळा चेहराच फासून टाकेल; कानाजवळ बोट टेकवून चित्र पुन्हा नीट वळवून ठेवणार नाही. ही तीट आहे."

"म्हणजे सासूबाई!" मल्हार उत्साहाने म्हणाला.

"त्या अक्कलकोटला. शिवाय सवयीचा हात टिकलीएवढी तीट लावतो. रुपयाएवढी लावणारा आयुष्यात पहिल्यांदा लावतो. आण्णा, खोलीत पाऊल न टाकता तुम्हाला ते हसू कसं दिसलं?"

महादेवप्पांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली.

"बसव्वा तीट लावायची, मी पुसायचो. अडाणीपणा म्हणायचो. तापानं गेला तो, तिटंवाचून न्हाय, ठाऊक हाय मला. पण उद्या सगळं सोलापूर त्याला बघणार. पहाटे चित्र वळवलं तर माझ्याकडं बघून हसला की गं. म्हटलं, या खेपेला लावूया."

अपेक्षाने आधी ईरप्पापुढे हात जोडले. "चुकले मी. उद्या चित्र तुम्हीच लावायचं."

मग कापसाने तिने डाग हलकेच पुसत आणला. कडेला ठिपका तेवढा राहिला.

"एवढी पुरे ना, आण्णा?"

म्हाताऱ्याने चष्मा पुसून बाळाकडे निरखून पाहिलं.

"जराशी मोठी ऱ्हाऊ दे, पोरी."